राणोजींच्या गवतावर अनवाणी

माणसाला बोलतं कसं करावं, हे कुणी मला विचारावं! मी रेल्वेत आहे, तक्रार विभागात. रागाने तोंड मिटून बसलेला प्रवासी मी असा मोकळा करतो, की बर्थवरून सुरुवात करून तो स्वतःच्या सासूपर्यंत पोचतो आणि मूळ तक्रार विसरून, माझ्याच पैशाने कॉफी पिऊन निघून जातो. आमची सौ. विद्युलता यावर म्हणते, "तुम्ही माणसाला बोलतं नाही करत हो, बोलून बोलून शरण आणता!" असो. घरच्या माणसाला किंमत नसते.

तर माझ्या या कलेची खरी गरज पडली ती आमच्या प्राचीच्या लग्नात.

प्राची चेन्नईजवळ सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत. कोल्हापूरहून बदली होऊन आम्ही चेन्नईला आलो तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. आता ती रागावते मराठीत, हसते तमिळमध्ये आणि पगार घेते इंग्रजीत. तिथेच तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा रणवीर. मुलगा लाखात एक! तंजावूरकडच्या जुन्या मराठी घराण्यातला. म्हणजे जावई मराठी मिळणार, तोही चेन्नईत बसल्या बसल्या! विद्युलताने तर मनातल्या मनात पत्रिका छापून आणल्या होत्या.

अडलं एकाच ठिकाणी. रणवीरचे वडील, राणोजीराव. रणवीरने पोंगलच्या दिवशी त्यांना प्राचीचं सांगितलं. ते ऐकून राणोजीराव म्हणाले, "सरि." म्हणजे 'बरं'. आणि उठून निघून गेले.

आता 'बरं' म्हणजे काय? हो की नाही? पोंगल गेला, शिवरात्र गेली, उन्हाळा लागला, पण पुढचा शब्द नाही! आमच्याकडची पद्धत अशी, की मुलाकडच्यांचा होकार आल्याशिवाय मुलीकडच्यांनी पुढे हलायचं नाही. म्हणून आम्ही होकाराची वाट बघत बसलेलो. प्राची तोंडाने काही म्हणायची नाही, पण फोन वाजला की ताटावरून उठायची आणि परत येऊन भात नुसता चिवडत बसायची. मला ते बघवत नव्हतं. पोर कधी हट्ट करणारी नव्हे, एवढं एकच मागितलं होतं तिने.

शेवटी मी रणवीरला अण्णा नगरला घरी बोलावलं आणि स्पष्टच विचारलं, "बाबा रे, त्यांच्या मनात आहे तरी काय?"

"मलाच कळत नाही, अंकल," तो हताशपणे म्हणाला. "अम्मा होती तेव्हा दोघांच्या वाटचं तीच बोलायची. ती गेली, आणि अप्पांचं बोलणंच संपलं. माझ्याशी 'जेवलास की' आणि 'दार लाव', बास. पहाटे उठून गोल्फ क्लबला जातात. तिथे गवताच्या कमिटीचे ते चेअरमन आहेत. कुठे कीड पडली, कुठे पाणी कमी पडलं, हेच दिवसभर. ते फक्त गवताशी बोलतात."

"गोल्फ?" मी ताडकन म्हणालो. "अरे, माझा आवडता खेळ!"

हे माझ्या तोंडून का निघालं, देव जाणे! गोल्फ मी टीव्हीवर पाहिला होता, तोही रिमोट सापडत नव्हता म्हणून. पण रणवीरचा चेहरा असा उजळला, की शब्द परत घेणं जीवावर आलं. विद्युलताने स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे एक नजर टाकली. ती नजर मी चांगली ओळखतो. मी तिकडे पाहिलंच नाही.

त्याच आठवड्यात निरोप आला, राणोजीरावांनी रविवारी सकाळी खेळायला बोलावलंय.

"बघ!" मी विद्युलताला म्हणालो. "सगळा खेळभर माणूस माझ्या ताब्यात! परत येतो तो होकार खिशात घेऊनच!"

शनिवारी संध्याकाळी प्राचीने माझी शिकवणी घेतली. बिचारीने ऑफिसात बसून इंटरनेटवरून सगळं वाचून काढलं होतं. "बाबा, तुम्हाला खेळता येत नाही हे त्यांना पहिल्याच फटक्याला कळेल. त्याला इलाज नाही. पण रणवीर म्हणतो, अप्पा खेळ बघतच नाहीत, माणूस मैदानाशी कसा वागतो ते बघतात. फटका मारताना गवताचा ढलपा उडाला तर तो उचलून परत जागेवर बसवायचा. वाळूच्या खड्ड्यातून बाहेर येताना दाताळ्याने वाळू सारखी करायची. मागच्या लोकांना ताटकळत ठेवायचं नाही. आणि भोकाभोवती ते जे मखमलीसारखं गवत असतं ना, ते ग्रीन. त्याच्यावर पाय घासायचे नाहीत, धावायचं नाही, काही म्हणजे काही नाही! त्यांचा जीव आहे तो."

"समजलं! आणखी?"

"आणखी एक महत्त्वाचं..." ती म्हणाली, पण मी तोवर माझी टोपी शोधायला आत गेलो होतो. परत आलो तेव्हा ती नुसती खिडकीशी उभी होती. म्हणाली, "बाबा, जमेल ना?"

माझ्याकडे न बघता विचारलंन. बापाने धास्ती दाखवायची नसते. मी म्हणालो, "जमेल काय! जमल्यातच जमा!"

क्लब ओरगडमला जाणाऱ्या रस्त्यावर. नाव सांगत नाही, त्यांनाही ते आवडायचं नाही. राणोजीराव फाटकाशीच उभे होते. उंच, काटकुळे, पांढऱ्या मिशा, इस्त्रीची पँट आणि नजर सदैव जमिनीवर.

"या अशोकराव. वाट मिळाली की?"

"मिळाली, मिळाली! काय सुंदर रस्ता हो! मी तर विद्युलताला..."

ते चालू लागले होते. जाता जाता त्यांची नजर माझ्या बुटांवर पडली. ऑफिसचे काळे बूट, जाड टाचांचे, खास पॉलिश करून आणलेले! मला वाटलं, खूश झाले.

पहिला फटका त्यांचा. त्यांनी चेंडू ठेवला, पाय रोवले, काठी उचलली. हीच वेळ असं समजून मी सुरू केलं, "राणोजीराव, तुमचं घराणं तंजावूरला कधी आलं हो?"

काठी हवेतच थांबली. ते मागे सरकले. श्वास घेतला. पुन्हा पाय रोवले, पुन्हा काठी वर.

"नाही, म्हणजे आमचेही एक मामा इतिहासाचे..."

काठी पुन्हा खाली! ते काही बोलले नाहीत. बोलला तो आमच्या पिशव्या धरून उभा असलेला कॅडी. म्हणजे तोही बोलला नाहीच, त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात शिट्टी मारली होती.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्राचीचं ते राहिलेलं महत्त्वाचं! समोरचा खेळत असताना बोलायचं नाही! कप्पाळ माझं! ज्या माणसाला बोलतं करायला मी आलो होतो, त्याला गाठला होता नेमका तिथे, जिथे तोंड उघडणंच गुन्हा!

मग माझी पाळी आली. मी देवाचं नाव घेतलं आणि काठी फिरवली. चेंडू होता तिथेच राहिला, त्याच्या खालची जमीन तेवढी पुढे गेली! भाकरीएवढा ढलपा उडून राणोजीरावांच्या पायाशी पडला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, आणला, खड्ड्यात नीट बसवला आणि तळव्याने हलकेच दाबला. तापातल्या पोराला पांघरूण घालावं तसं! मी शरमलो. पुढच्या फटक्याला पुन्हा ढलपा. या वेळी मी स्वतःच धावत जाऊन बसवला. उलटा. मुळं वर! तोही त्यांनी वाकून सुलटा केला.

मग वाळूचा खड्डा. तो मला चुकला असता तर नवल. चेंडू आत, मी आत. वाळू सारखी करायची हे पक्कं लक्षात होतं, म्हणून मी दाताळं घेऊन सगळा खड्डा असा सारवून काढला, की रांगोळी काढावी! बाहेर येऊन अभिमानाने बघितलं. तेव्हा आठवलं, चेंडू मारायचा राहिला. तो आता वाळूत कुठेतरी गाडला गेला होता. आम्ही तिघांनी मिळून तो उकरून काढला आणि मग सगळा खड्डा पुन्हा पहिल्यापासून सारवला.

राणोजीराव गप्प. कुरकुर नाही, कपाळावर आठी नाही. ओरडले असते तरी चाललं असतं! तक्रार करणाऱ्या माणसाला कसं हाताळायचं ते मला येतं. तक्रार न करणाऱ्याचं काय करायचं?

पहिल्या ग्रीनवर तर कहर झाला. काय ते गवत! हात फिरवावा असं वाटावं. आणि माझ्या जाड टाचा त्यावर पडल्या, त्या प्रत्येक पावलाला खळगा! मागे वळून बघतो तर राणोजीराव माझ्या मागून येतायत, खिशातून छोटासा दोन दातांचा काटा काढून एकेका खळग्यापाशी वाकतायत, गवत उचलून सारखं करतायत. गुडघ्यावर हात ठेवून उठतायत, पुन्हा वाकतायत. त्या वयाला! मी जागच्या जागी थिजलो. पुढे पाऊल टाकावं तर नवा खळगा, मागे टाकावं तरी खळगा. सारसासारखा एका पायावर उभा राहिलो.

प्राचीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मनात म्हटलं, अशोकराव, होकार राहू दे, नकार तरी घेऊन जाऊ नका!

म्हणून दुसऱ्या ग्रीनच्या कडेला आलो आणि मी शहाणपणा केला.

त्याचं काय आहे, इतक्या वर्षांत चेन्नईने मला एक गोष्ट पक्की शिकवली आहे. डॉक्टरकडे जा, चपला बाहेर. झेरॉक्सच्या दुकानात जा, चपला बाहेर. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर बसवले तेव्हा त्या खोलीबाहेरही चपला काढायची पाटी लागली होती. जिथे जपलेली जमीन दिसेल तिथे पायातलं बाहेर काढावं, यात कधी चूक होत नाही. मी ग्रीनच्या कडेला बसलो, बूट काढले, मोजे काढून आत कोंबले, जोड नीट भिंतीला लावावा तसा कडेशी लावला आणि अनवाणी त्या गवतावर पाऊल ठेवलं. एक खळगा नाही!

वळून बघतो तर राणोजीराव माझ्या पायांकडे टक लावून बघतायत. कॅडीने तर डोळेच मिटून घेतले होते.

"चुकलं का काही?" मी घाबरत विचारलं.

राणोजीराव खाली बसले आणि आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागले!

"अहो, अहो, तुम्ही कशाला?"

"पाव्हणे अनवाणी असतां मी बूट घालून कसा येऊं?" ते म्हणाले.

त्यांचं मराठी मी पहिल्यांदाच इतकं लांब ऐकत होतो. आमच्या खापरपणजोबांच्या तोंडी असेल तसं, आणि वर तमिळ ठेका! त्यांनी मोजे काढले, घडी केले. एक पाऊल ग्रीनवर ठेवलं, मग दुसरं. आणि तिथेच उभे राहिले. चेंडू नाही, भोक नाही, काही नाही. नुसते उभे.

"इतकीं वर्षं ह्या गवताचं सगळं मी पाहिलों," ते हळूच म्हणाले. "पाणी, खत, कीड, कापणी. हातानं पाहिलों, डोळ्यानं पाहिलों. पाय कधीं ठेवलों नाही. किती थंड अहा हे!"

मी गप्प राहिलो. या वेळी नियम म्हणून नव्हे.

"रणवीरची अम्मा, राजसबाई, म्हणायची," ते पुढे बोलले, "तुमचं ते गवत एकदां दाखवा मला. माझ्याहून जास्त त्याला जपतां. मी म्हणलों, बायकांच्या चपला रुततात ग्रीनवर. ती हसून म्हणली, मग चप्पल काढून येतें." ते थांबले. "मी आणलों नाही तिला. आज उद्या म्हणत राहिलों. आणायला हवं होतं."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मी नुसता त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. दोघंही त्या थंड गवतावर पायाची बोटं हलवत होतो, लहान पोरं पाण्यात उभी राहतात तशी.

मग मात्र बांध फुटला! राणोजीराव बोलू लागले. गवताच्या जाती, राजसबाईंच्या हातचा रसम, रणवीरने लहानपणी याच मैदानावर हरवून रडून घातलेला गोंधळ! मी नुसता हुंकार भरत होतो आणि मनातल्या मनात मंडप सजवत होतो. प्रत्येक ग्रीनशी आम्ही बूट काढायचो, खेळायचो, परत येऊन बूट घालायचो. माझे फटके किती झाले ते मोजायचं दोघांनीही सोडून दिलं होतं.

पण मागे काय चाललंय, याची दोघांनाही गंधवार्ता नव्हती.

आमच्या मागून खेळणाऱ्या चौघांनी लांबून पाहिलं. गवत कमिटीचे चेअरमन ग्रीनवर अनवाणी! राणोजीराव गवतासाठी दर महिन्याला एखादा नवा नियम काढतात, हे सगळ्यांना माहीत. कधी ढकलगाड्या बंद, कधी इकडून जाऊ नका, कधी तिकडून. म्हणजे हा नवा नियम असणार! चौघांनीही मुकाट्याने बूट काढले. त्यांना बघून त्यांच्या मागच्यांनी काढले. एकाने मोबाइलवरून पुढे खेळणाऱ्या मित्राला कळवलं, "बूट काढ, नवीन नियम आहे!" पुढच्यांनी त्याच्या पुढच्यांना. थोड्या वेळात सगळ्या मैदानावर, एकेका ग्रीनच्या कडेला, बुटांच्या रांगा! लग्नाच्या हॉलबाहेर असतात तशा! एका हुशार कॅडीने तर बूट सांभाळायला टोकन द्यायला सुरुवात केली.

त्यात त्या दिवशी बंगळूरच्या एका क्लबचा संघ सामन्याला आला होता. त्यांच्यातल्या एकाने विचारलं म्हणे, "हे काय, धार्मिक आहे का?" कुणीतरी सांगितलं, "हो." तेव्हा त्या बिचाऱ्यांनी बूट तर काढलेच, वर ग्रीनला हात लावून तो कपाळाला लावला!

आता ग्रीन संपलं की पुढचा खेळ पलीकडच्या बाजूने सुरू होतो, आणि बूट राहिले अलीकडे. म्हणून जो तो बूट घ्यायला उलटा फिरायचा, मागून येणाऱ्यांना धडकायचा. मग तू आधी का मी आधी! सगळा खेळ तुंबला. आणि तेवढ्यात ऊन चढलं.

ऊन चढलं की ग्रीनला थोडं पाणी मिळावं म्हणून कडेने फवारे बसवलेले. ते आपोआप सुरू होतात, वेळ राणोजीरावांनीच लावून दिलेली. ग्रीनची कड म्हणजे नेमकी बुटांची रांग! फुस्स करून सगळीकडचे फवारे एकदम उडाले आणि प्रत्येक बुटात तळं साचलं. ओले बूट हातात घेऊन सगळी बडी मंडळी क्लबहाऊसकडे निघाली. वाट सिमेंटची, आणि ऊन चेन्नईचं! मोठमोठे डॉक्टर, वकील, कंपन्यांचे मालक, सगळे त्या तापलेल्या वाटेवर "अय्यो, अय्यो!" करत उड्या मारत पळत होते.

आम्ही लांबून बघत होतो. राणोजीराव म्हणाले, "आज काय सण अहा की?"

उत्तर घेऊन क्लबचे सेक्रेटरी विजयकुमारच आले, बॅटरीच्या गाडीतून. गृहस्थ गोल, गोरेपान, पण त्या वेळी मिरचीसारखे लाल! आमचे अनवाणी पाय बघून ते किंचाळलेच. आम्हाला गाडीत घालून क्लबहाऊसच्या व्हरांड्यात नेलं. तिथे सगळी मंडळी बुटांतून पाणी ओतत बसली होती.

"कुणी काढला हा नियम?" विजयकुमार तमिळमध्ये गरजले.

"राणोजी सरांनी!" सगळे एका सुरात म्हणाले.

राणोजीरावांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग बुटांकडे, मग माझ्याकडे. त्यांना उलगडा झाला. मलाही झाला, आणि माझ्या पायांखालची जमीन सरकली. या माणसाकडे बायको गेल्यावर एवढं गवतच उरलेलं! ते माझ्यापायी जाणार? मग प्राचीचं काय, आणि कसला होकार! पण त्या क्षणी, खरं सांगतो, मला प्राचीपेक्षा त्यांचीच जास्त काळजी वाटली. मी उठलो आणि माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हणालो, "सर, यांचा दोष नाही. बूट मी काढले. मला वाटलं... मी पाहुणा आहे."

"पाहुणा!" विजयकुमारांनी कपाळाला हात लावला. "राणोजी सर, नियम तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरच्या पाहुण्याने असा घोटाळा केला तर त्याला क्लबची बंदी, आणि त्याला आणणाऱ्याला कमिटी सोडावी लागते. घरचं माणूस असेल तर गोष्ट वेगळी, तिथे नुसती समज देऊन भागतं. पण हे काही तुमच्या घरचे नाहीत."

कुणाच्या तरी बुटातून पाणी टपकत होतं तेवढाच आवाज. राणोजीराव नेहमीसारखे जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली.

"घरचेच अहात," ते म्हणाले, आणि सेक्रेटरींना कळावं म्हणून तमिळमध्ये पुन्हा एकदा ठासून सांगितलं, "हे माझे सम्बन्धी."

तमिळमध्ये सम्बन्धी म्हणजे व्याही. अर्थ कळायला मला वेळ लागला नाही, पण डोळ्यांत पाणी यायला त्याहूनही कमी लागला. अख्ख्या व्हरांड्यात एकदम गलका झाला. "सम्बन्धी! अरे, मग आधी सांगायचं नाही का!" ज्यांनी बुटातलं पाणी नुकतंच माझ्या दिशेने ओतलं होतं, तेच उठून हात मिळवू लागले. विजयकुमारांनी समज दिली ती हसत हसत. बंगळूरच्या पाहुण्यांनी तर टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही त्या धार्मिक कार्यक्रमाचाच भाग!

गर्दी पांगली आणि आम्ही दोघं बाहेर कडुनिंबाच्या सावलीत आलो. मी राणोजीरावांचे दोन्ही हात धरले. "राणोजीराव, उपकार झाले! पोंगलपासून आम्ही तुमच्या होकाराकडे डोळे लावून बसलोय!"

"होकार?" ते गोंधळून माझ्याकडे बघू लागले. "आम्ही कोण होकार द्यायला? आमच्या घराण्यात मुलगी मागायला मुलाच्या बापानं जायचं. मागणं आमचं, देणं तुमचं. मीच पोंगलपासून वाट पाहतों अहा, तुम्ही घरीं बोलावाल म्हणून. बोलावल्याविना मुलीच्या घरची पायरी कशी चढूं?"

मी त्यांचे हात सोडले. "पण... पण रणवीरला तरी सांगायचं!"

"हें सगळं राजसबाई सांगायची," ते म्हणाले. "मला सांगायची सवय नाही."

"मग आजचा हा गोल्फ?"

"रणवीर म्हणला, तुम्हांला फार आवड अहा." राणोजीराव थोडे संकोचले. "मी कुणाला बरोबर घेऊन खेळत नाही, अशोकराव. गवताला त्रास होतो. पण म्हटलों, मुलीचे वडील अहात. एवढं सोसायला हवं."

मी तिथूनच घरी फोन लावला. पलीकडे पहिल्याच रिंगला प्राचीने उचलला. "बाबा?" एवढंच म्हणाली आणि थांबली. मी सांगितलं, "आईला म्हणावं, कॉफी टाक. संध्याकाळी पाहुणे येतायत." मग पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज. मग विद्युलताने फोन घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे एक कप कॉफीचं काम होतं, आणि तुम्ही अख्ख्या क्लबाचे पाय भाजलेत!"

संध्याकाळी ते आले. रणवीर मागे फळांचं ताट घेऊन आणि राणोजीराव पुढे, धोतरासारखी कडक पांढरी वेष्टी नेसून, खांद्यावर अंगवस्त्र. बसले. कॉफी घेतली. प्राची येऊन पाया पडली, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते उठून उभे राहिले आणि दोन्ही हात जोडून मला म्हणाले, "अशोकराव, तुमची मुलगी आमच्या घरीं द्याल की? घर फार दिवस गप्प अहा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तोंड उघडलं. फ्रॉकमधली प्राची, कोल्हापूरहून आलेला तो सामानाचा ट्रक, काय काय डोळ्यांसमोर आलं. शब्दच फुटेना. राणोजीराव हात जोडून तसेच उभे. रणवीर ताट घेऊन तसाच उभा. प्राचीचा जीव टांगणीला.

शेवटी विद्युलताने मला कोपराने ढोसलं. "अहो, तीन महिने सगळे ज्या होकारासाठी अडलेत, तो तुम्हीच द्यायचाय! द्या ना आता!"